गोजरबाईच्या पाच हजार भाकरी

"दोनशे भाकरीनं काय होते, गोजरबाई? तिकडं साठ लाख मानूस आलं हाय!" भगवंतराव शाळेच्या ओट्यावरून ओरडले.

"मले लाख-बिख नाई समजत, भाऊ. तुमी भाकरीचं सांगा."

"पाच हजार."

ओट्याखाली बसलेल्या बायका बोटांवर चुली मोजू लागल्या.

एकाहत्तर सालचा आषाढ होता. सरहद्दीपलीकडे लढाई पेटली होती आणि उपाशी माणसं पायी चालत बंगालात येत होती, असं निवृत्ती गुरुजी रोज पेपर वाचून सांगत. भगवंतरावांनी त्यावर साहाय्य समिती काढली आणि तिचे अध्यक्ष, खजिनदार व सदस्य या तिन्ही जागा एकमताने मिळवल्या. समितीचा पहिला आकडा पन्नास भाकरींचा होता. शेजारच्या गावाने दीडशे देतो म्हटल्यावर पन्नासाचे दोनशे झाले. मग वडनेर भोलजीवाले चार हजार देणार अशी आवई उठली. मदत या वेगाने वाढत राहिली असती, तर लढाईच्या आधी वडनेरवाल्यांनाच कुणीतरी थांबवायला हवं होतं.

"ते लोक भात खातात," गुरुजी हळूच म्हणाले.

"म्हनूनच भाकर पायजे," गोजरबाई म्हणाली. "भात गिळला का झोप येते. चालनाऱ्या मानसाले भाकरच लागते, गुरुजी. शंभर कोस चालून राह्यले ना थे?"

गुरुजींनी पेपरची घडी घातली.

गोजरबाई पन्नाशीची विधवा. पंचक्रोशीत कुणाकडेही लग्न ठरलं की मुहूर्ताआधी तिला विचारत, कारण तिच्या भाकरी नसतील तर वऱ्हाडी जेवणावरून भांडत आणि असतील तर मानपानावरून. तिने आयुष्यात कशाचंही अध्यक्षपद भूषवलं नव्हतं, पण चाळीस चुली तिच्या शब्दावर पेटत. त्या आठवड्यात पेटल्या. भाकर चुलीच्या धगीला उभी करून पापडासारखी कडक करायची, मीठ-तीळ घालायचे आणि थापताना काठाला अंगठा दाबायचा, असा तिचा हुकूम होता.

"अंगठा काऊन, मावशी?" एकीने विचारलं.

"मानसानं केली, मशिनीनं नाई, हे समजाले पायजे खानाऱ्याले."

ज्वारी गोळा करायलाही तीच दारोदार फिरली. कणग्या तळाला गेल्या होत्या, नवं पीक अजून गुडघ्याएवढंही नव्हतं. झुंबरबाईच्या उंबऱ्यावर तर तिला अर्धा तास बसावं लागलं. झुंबरबाईचा नवरा इंद्रभान भगवंतरावांकडे सालदार होता. घरात तीन लेकरं आणि गाडग्यात दोन पायल्या ज्वारी.

"हे देलं तर आमी काय खावं, मावशी?"

"तुह्या बांधाले अंबाडी तं हाय. त्याह्यच्याजवळ थेही नाई. लेकरं रस्त्यात मरून राह्यले, झुंबर. मी शबूद देतो तुले, एक-एक भाकर उपाशी तोंडात जाईन."

झुंबरबाईने गाडगं उचललं, गोजरबाईच्या पदरात उपडं केलं आणि बुडावर दोन थापट्या मारल्या. त्या थापट्या मारल्या नसत्या तरी चाललं असतं, असं गोजरबाईला पुढे पुष्कळदा वाटलं.

बारा पोती भरली. नांदुऱ्याहून फोटोग्राफर आला. भगवंतरावांनी एका पोत्यावर असा हात ठेवला की जणू आतल्या भाकरी त्यांनीच थापल्या होत्या. गाडी नांदुऱ्याच्या स्टेशनाकडे निघाली तेव्हा बायका लेक सासरी जावी तशा वेशीपर्यंत गेल्या. दोघीतिघी रडल्यासुद्धा. भाकरींसाठी रडायची गावात ती पहिलीच वेळ होती. भाकरीसाठी रडणं नेहमीचं होतं.

नंतर सहा आठवडे गोजरबाई वेगळ्याच तोऱ्यात वावरली. पाणवठ्यावर ती मधूनच म्हणायची, "आतापावतर पोचल्या असतीन." झुंबरबाई तेवढी घागर भरून लवकर निघायची.

मग पोळा आला. भगवंतरावांच्या घरी पुरणपोळ्या करायला गोजरबाईच होती. तोरण तुटलं, वाजतगाजत बैल दारी आले. भगवंतरावांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, ढवळ्याचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि तुपाची पुरणपोळी त्याच्या तोंडासमोर धरली.

ढवळ्याने तोंड फिरवलं.

सरस्वतीबाई दुसऱ्या बाजूने गेल्या. ढवळ्या पुन्हा पहिल्या बाजूला वळला. पोळ्याच्या दिवशी घरचा बैल पोळी नाकारतो म्हणजे काय, यावर अंगणात पाच मिनिटांत सात मतं पडली. कुणी नजर काढायला सांगितलं, कुणी सरस्वतीबाईंच्या माहेरचा विषय काढला. इंद्रभान कासरा धरून जमिनीकडे बघत उभा होता.

गोजरबाईला मात्र वेगळाच राग आला. तिच्या हातची पोळी आजवर माणसाने नाकारली नव्हती, तर बैलाची काय बिशाद! याने सकाळपासून खाल्लं तरी काय, हे बघायला ती तडक गोठ्यात गेली.

गव्हाणीत चुरा होता. त्यात तीळ होते. एका तुकड्याच्या काठावर अंगठा होता.

कडब्यामागे पाच पोती उभी होती. सात रिकामी, नीट घडी घालून ठेवली होती. भगवंतराव तसे टापटिपीचे.

ते तिच्या मागोमाग गोठ्यात आले आणि दार लोटून उभे राहिले.

"हे पाहा गोजरबाई, गाडी नांदुऱ्यापावतर गेलती. खोटं नाई बोलत. तिथं म्हने वाळलेलं अन्न नोका आनू, घोंगड्या आना. आता वापस वेशीतून आनली असती तं गावाचं मन मोडलं असतं. म्हनून रातच्याले आनली."

"अन् फोटो?"

"फोटो गेला ना!" भगवंतरावांचा चेहरा उजळला. "पार कलकत्त्यापावतर गेला. वरून पत्र आलं, शाबासकीचं. आपल्या गावाची मदत पोचली असंच धरून राह्यले लोक."

गोजरबाईने पोत्यात हात घातला. वरच्या भाकरीवर हिरवी बुरशी होती. खालची अजून कडक होती.

"झुंबरच्या घरी अंबाडी शिजून राह्यली रोज," ती म्हणाली. "गावात देल्या असत्या तरी..."

"गावात कशा देनार? गेल्या म्हनून सांगतलं ना आपन!" भगवंतरावांनी समजूत घातली. त्यांच्या परीने ते बरोबरच होतं. "ऐतवारी तालुक्याचे साहेब येऊन राह्यले शाळेत. तुमचा सत्कार ठेवला हाय. नारळ, लुगडं. मीच नाव सुचवलं. आता तुमीच सांगा, असं बोलून काय फायदा?"

बाहेर येऊन गोजरबाईने उरलेल्या पोळ्या लाटल्या. एकही फाटली नाही. घरी मात्र तिने चार दिवस चूल पेटवली नाही. सांगावं, तर ज्या तोंडाने शब्द दिला त्याच तोंडाने सांगावं लागणार होतं. सांगायचं चाळीस घरांना होतं, पण तिला झुंबरबाईचं एकच दिसत होतं.

रविवारी शाळेच्या मैदानात कर्णा लागला. सारा गाव तिकडे निघाला, गोजरबाई उलटी चालली. झुंबरबाई ओसरीवर अंबाडी निवडत होती.

"तुमी इकडं कशा, मावशी? तिकडं लुगडं वाट पाहून राह्यलं."

गोजरबाई उंबऱ्यावर टेकली. "झुंबर, थ्या भाकरी गेल्याच नाईत. बैलाले चारल्या भगवंतरावनं. मी तुले शबूद देलता—"

"मले ठाव हाय."

"कवापासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. आमच्या घरचेच चारून राह्यले ना बैलाले." झुंबरबाईने एक देठ मोडून बाजूला टाकला. "त्याह्यले भगवंतरावनं शपथ घातलती. मले त्याह्यनं घातली."

"अन् तू मले नाई सांगतलं? रोज पानवठ्यावर मी येड्यावानी बोलून राह्यली..."

"तुमी लय खुशीत होत्या, मावशी. जीव नाई झाला माह्या." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "चारसहा आनल्या त्याह्यनं धोतरात लपून. बैलापुढून. पोट्ट्यायनं खाल्ल्या. म्हनत होते, कोनाच्या घरचं लगन होतं, माय?"

गोजरबाईने अंबाडीची जुडी ओढून पुढ्यात घेतली आणि पानं खुडायला लागली.

कर्णा खरखरला. कुणीतरी पुणेरी शुद्ध आवाजात म्हणालं, "श्रीमती गोजरबाई यांनी कृपया व्यासपीठावर यावे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणालं. तिसऱ्यांदा भगवंतराव स्वतः ओरडले.

"तुमचं नाव घेऊन राह्यले," झुंबरबाई म्हणाली.

"असंल कोनी दुसरी," गोजरबाई म्हणाली. "हे पाह्य, अळी लागली याले. पान पाहून घेत जाय."