पाळण्यात सापडलेली हाडं

"निकला! निकला!" आमच्या अंगणात शिंदे की छावनीतली सगळी गल्ली दाटली होती, आणि भैरोबाबा मांत्रिकानं तापानं फणफणलेल्या माझ्या शामलाच्या पाळण्यातल्या उशीखालून केसांत गुंडाळलेला हाडांचा गोळा वर धरला होता.

"करनी है, माई! ऊपर का उल्लू रोज यही लाता है. दवा बंद! उल्लू के बच्चे मुझे दो, तुम्हारी बच्ची बच जाएगी."

सासूबाईंनी हात जोडले. शेजारच्या मंदाताई पुटपुटल्या, "राजधानी इथून भोपाळला चालली. आपल्या या लष्कर भागात आता घुबडंच नांदायची!"

हेही भोपाळलाच गेलेले, बदलीनंतरचं घर शोधायला. सकाळी आलेले डॉक्टर सासूबाईंनी बाबाच्या शब्दावरून दारातूनच परत पाठवले होते. माझं डोकं भडकलं. मी तो गोळा हिसकावला.

"कुमुदिनी, हात नको लावूस!"

"आई, कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला असले कितीतरी फोडलेत मी."

परातीत कोमट पाणी ओतून गोळा टाकला, टाचणीनं उसवला. केस सुटले. पिवळ्या दातांची इवलीशी कवटी निघाली.

"मंदाताई, कुणाची करणी ही? उंदराची? घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं-केस पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ओकून टाकतं."

"तो झूले में कैसे पहुँचा?" बाबा गरजला.

"तेच विचारते. सकाळी 'छत बाँधने', म्हणजे मंत्रानं गच्ची बांधायला, वर एकटं कोण गेलं होतं?"

मी गच्चीवर धावले. पडक्या खोलीत, घरट्याखाली, असल्या गोळ्यांचा खच होता. वरच्या काही गोळ्यांवर शेंदरी बोटं उमटलेली. ते पदरात घेऊन खाली आले आणि बाबापुढे ओतले. सगळ्यांची नजर त्याच्या शेंदूरमाखल्या बोटांकडे गेली.

"आणि पिल्लं कशाला हवीत? दिवाळीच्या अमावास्येला बळी देणाऱ्यांना विकायला?"

बाबानं झोळी उचलली. झोळी हलली. सासूबाईंनीच ती ओढून उघडली. आत पाय बांधलेली घुबडाची दोन पिल्लं होती, कुणा दुसऱ्याच्या गच्चीवरची; आमची तर वर घरट्यातच होती.

"माझ्या नातीचं औषध बंद केलंस, मेल्या!" सासूबाई किंचाळल्या. बाबा पळाला. मी मात्र त्याच्यामागे गेले नाही. शामलाला उचललं आणि दवाखाना गाठला. मलेरिया निघाला. "आणखी उशीर झाला असता तर..." म्हणून डॉक्टर थांबले. ते पुढचं वाक्य मला आजही झोपू देत नाही.

शामला बरी झाली. घुबडं अजून वरच आहेत, उंदीर खातात, आमचं काही बिघडवत नाहीत. आजारी लेकराचं औषध बंद करा असं कुणी सांगितलं, तर हात जोडू नका. आधी डॉक्टरला घरात घ्या, आणि मग त्या माणसाची झोळी उघडून बघा.