चाकात रडणारा मालक

शनिवारी सकाळी मुकुंदवाडीच्या मैदानात जुन्या गाड्यांची रांग लागली होती, आणि प्रत्येक गाडीत एकेक मृतात्मा आहे याबद्दल जमलेल्या पदवीधरांत दुर्मीळ एकमत होते. दर शनिवारी शनीला तेल वाहणाऱ्या लोकांना चाकाला तेल वाहायला शिकवताना सांडूबाबांना फारसे कष्ट पडले नव्हते.

"ब्रेक दाबला की किंचाळतंय ना? लोखंड नाय बेटा, रूह रोती है! गाडीचा पहिला मालक अपघातात गेला, सुटका मागतोय." असे म्हणत बाबा चाकाच्या फटीतून मंतरलेले तेल सोडत. गाडी एक फेरी मारून येई, आवाज गायब झालेला असे आणि जयघोष होई.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवणारी विशाखा तिथे पोहोचली, तेव्हा तिच्या धाकट्या भावाच्या व्हॅनची सुटका नुकतीच झाली होती. सोमवारपासून त्या व्हॅनमधून आठ शाळकरी मुले जाणार होती.

"राजकुमार, घेताना सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्यास?"

"रंग बघितला की ताई! लई झकास हाय. नुसता आवाज होता, तोबी गेला."

विशाखाने किल्ली घेतली. चुन्याची रेघ आखली, माणसे दूर केली आणि सावकाश येऊन रेघेवर ब्रेक दाबला. व्हॅन एका अंगाला ओढत सात पावले पुढे गेली. राजकुमार धावत आला.

"जॅक आण."

"बाई, देवाच्या कामात पाना घालू नको!" बाबा गरजले.

"देवाचं काम झालं ना? आता माझं."

तिने चाक उतरवले. "हे ब्रेक पॅड. पार झिजलं की ही लोखंडी पट्टी चकतीला घासते आणि ओरडते. ओरडावी म्हणूनच बसवलेली असते. तुम्ही तिचं तोंड तेलानं बंद केलंत, आणि त्याच तेलानं ब्रेकची पकडही घालवलीत." तिने चकती आणि पट्टी क्लीनरने स्वच्छ पुसली, चाक बसवून फेरी मारली. किंकाळी उठली. "घ्या, झाला पुनर्जन्म!"

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

रांगेतून करमाडचा कडुबा पुढे आला. हातात तेलाचा डबा होता. "ह्याचंच तेल घालून माझा टेम्पो उतारावर थांबला नाय, तवाबी हेच म्हणला ह्यो. शेजारी बायको बसली होती, गीताबाई. ती गेली. म्हणून आज नव्या गाडीला दुप्पट तेल आणलंय." तो विशाखाकडे वळला. "पोरी, थांबला असता का गं?"

खोटे बोलणे सोपे होते.

"पॅड बदललं असतं तर थांबला असता, मामा."

कडुबा डबा घेऊन खाली बसला. राजकुमार पालकांना फोन लावू लागला, की सोमवारी व्हॅन येणार नाही. रांग पांगली; तीन गाड्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे मालक बाबांच्या पुढच्या शनिवारची चौकशी करत होते.

त्या तिघांना, आणि घरोघरीच्या त्यांच्या भाऊबंदांना, एवढेच सांगणे आहे. जुनी गाडी घेताना रंगाआधी ब्रेक तपासा, नोंदी मागा. गाडी ओरडली तर आधी चाक उघडून पाहा. तिला गप्प करणाऱ्याच्या पाया पडाल, तर त्याची किंमत शेजारच्या सीटवर बसलेले माणूस मोजील.