लॅपटॉपखालची वाकळ

आमच्या घरात कूलर एकच आहे आणि उन्हाळ्यात दुपारी त्याच्यासमोर मी झोपतो. निवृत्तीनंतर माझ्या हाती एवढाच अधिकार उरला होता. यंदा वैशाखात तोही गेला. सुनेचा लॅपटॉप तापतो म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडे वळलं आणि मी, नरहरराव, माजी हेडमास्तर, मुक्काम नौबाद, पडवीत चटईवर आलो.

भार्गवी हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. मुलगी गुणाची, पण इतकी अबोल, की तिला भूक लागली तरी ती आपणच ओळखायची. मीटिंग ऐन रंगात आली की तिचा लॅपटॉप घरघरायला लागायचा आणि पटकन बंद पडायचा. दुकानदारानं उघडून साफ केला, दोष काही नाही म्हणाला. कूलरनंही फरक पडेना. उलट त्याच्या आवाजात हिचं बोलणं पलीकडे ऐकू जाईना. शेवटी तिच्या साहेबानं सांगितलं, महिनाअखेरच्या मीटिंगला पुन्हा असं झालं तर जूनपासून ऑफिसात येऊन बसा.

म्हणजे हैदराबाद. ती गेली की आमचा मुलगा विजयेंद्रही इथली कॉलेजातली नोकरी सोडून तिकडे दुसरी बघणार, आणि बघायलाच पाहिजे. मग एवढ्या घरात मी आणि आमच्या सौ. शारदाबाई, समोरासमोर दोन ताटं. कूलर दिवसरात्र माझा. मला तसला कूलर नको होता.

गुरुवारी शारदाबाई भजनाला जातात. मी पडवीत डोळे मिटून पडलो होतो, म्हणजे जागाच होतो. त्यांची पाठ वळताच भार्गवीनं लॅपटॉप उचलला, त्याच्याखालची छोटी वाकळ काढली आणि घडी करून बाजूला ठेवली. त्या दुपारी लॅपटॉप गुमान चालला. संध्याकाळी फाटक वाजलं तशी वाकळ पुन्हा जागेवर गेली.

ती वाकळ शारदाबाईंनी शिवली होती. आपलं जुनं इरकली लुगडं फाडून, आत माझ्या धोतराचे थर घालून, बारीक धावदोऱ्यानं. कंपनीची वस्तू, परक्याचा माल, टेबलावर घासून ओरखडा पडायला नको म्हणून. नातवंडासाठी शिवावी इतक्या निगुतीनं शिवली होती.

मी सुनेला गाठलं. मला ती मामा म्हणते, शारदाबाईंना आत्या.

"त्याचा पंखा खालून हवा ओढतो, मामा," ती म्हणाली. "वाकळीनं वाट बंद होतीय."

"मग कामून ठेवतीस?"

"आत्यांनी डोळे ताणून शिवलीय. कसं सांगू?"

"मी सांगतो."

"नको, मामा. सून सासऱ्याकरवी तक्रार करायलीय, असं वाटंल त्यांना."

म्हणणं खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. एकीनं मायेनं घातली, दुसरी मायेनं काढेना, आणि दोघींच्या मायेपायी माझं घर हैदराबादला निघालं होतं.

शेवटी मी चोरी केली. महिनाअखेरच्या सकाळी वाकळ उचलली, पडवीत आणली, आरामखुर्चीवर घातली आणि वर बसलो.

"हे काय करायलात?" शारदाबाईंनी विचारलं.

"कंबर दुखायलीय. मऊ लागतंय."

"पोरीची वस्तू घेऊन बसलात. वयाची तरी लाज धरा."

"धरली. वाकळ देणार न्हाई."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, फक्त भांडी आदळत राहिल्या. दुपारी पडवी भट्टीसारखी तापली. खाली धोतराचे थर, वर पत्रा. मी घामानं निथळत होतो. पण आतून भार्गवीचा आवाज अखंड येत होता. मीटिंग संपली, लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. मला गार वाटलं.

भार्गवी हसत बाहेर आली आणि मला बघून हसायची थांबली.

"मामा, तोंड लाल झालंय. उठा आता."

"उठलो की उद्या वाकळ परत तिथंच जाईल. मी उठत न्हाई."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी कान टवकारले.

"आत्या, मामांची कंबर दुखत न्हाई. वाकळीनं लॅपटॉपची हवा बंद होते, म्हणून तो तापायचा. मला ठाऊक होतं. सांगायला जमलं न्हाई."

भांड्यांचा आवाज थांबला. शारदाबाई बाहेर आल्या. "उठा," मला म्हणाल्या. वाकळ घेतली, कात्री घेतली आणि उभी चिरली. भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझाही धीर सुटत चालला होता. शारदाबाईंनी त्या पट्ट्या पिळून गोल गुंडाळल्या, टाके घातले आणि चार छोट्या चुंबळी केल्या, पाण्याच्या घागरीखाली ठेवतात तशा. टेबलावर चार कोपऱ्यांना मांडल्या आणि वर लॅपटॉप ठेवला.

"बघ, जायलीय का हवा."

भार्गवीनं लॅपटॉपच्या खाली हात घालून बघितलं. "जायलीय, आत्या."

"तुझ्या आईनं शिवली असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग मला कामून न्हाई?" शारदाबाई रागावल्या होत्या, पण वाकळीसाठी नाही. भार्गवीला ते कळलं. तिनं डोळे पुसले आणि मान हलवली.

संध्याकाळी कूलरचं तोंड माझ्याकडे वळलं. रात्री चौघं जेवायला बसलो. भार्गवीनं पहिला घास घेतला आणि थांबली.

"आत्या, आमटी खारट झालीय."

विजयेंद्रचा हात ताटातच राहिला. शारदाबाईंनी आमटी चाखली, उठल्या आणि तीत पाणी घालून पुन्हा चुलीवर ठेवली.

"उद्यापासून मीठ तूच घाल," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. आवाज खूश होता.

शारदाबाईंची आमटी पहिल्यापासून खारट असते. मी लग्न झाल्यापासून ती गुमान खात आलोय.