आत्या, आ कर

ठमी नापास झाली ती एका रबरी पुतळ्याला आत्या म्हणाली म्हणून. इतक्या मूर्खपणाच्या कारणानं नापास होणारी नर्सिंग कॉलेजात ती पहिलीच असावी. तेवढाच एक पहिला नंबर, असं ती स्वतःच म्हणायची, कारण दुसऱ्या कशात तिचा कधी नंबर आलाच नव्हता.

झालं असं, की औषध देण्याचं प्रात्यक्षिक होतं. पलंगावर पुतळा, त्याच्या मनगटाला नावाची पट्टी, समोर परीक्षक बाई. आधी पेशंटला पूर्ण नाव विचारायचं, ते पट्टीशी ताडून बघायचं आणि मगच गोळीला हात लावायचा. पुतळा असला तरी विचारायचं. त्याच्या वतीनं बाई उत्तर देत. ठमीला हे झोपेतही पाठ होतं. पण सराव तिनं वर्षभर घरी आत्यावर केलेला. आत्या पाय पसरून बसायची आणि ठमी तिला गुडघ्यांची गोळी द्यायची. आता घरच्या आत्याला नाव कोण विचारतं? परीक्षेत डोकं बंद पडलं आणि सवय कामाला लागली. गोळी चिमटीत धरून ठमी पुतळ्यावर वाकली आणि प्रेमानं म्हणाली, "आत्या, आ कर."

पुतळ्यानं आ केला नाही. परीक्षक बाईंनी केला.

"सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटले तरच शिष्यवृत्ती चालू राहते," ऑफिसातला कारकून म्हणाला. "तुम्ही आता नियमात बसत नाही."

"उभी राहिले तर चालेल?" ठमीनं विचारलं. कारकुनाला हसू आलं नाही. खरं तर तिलाही रडूच येत होतं, पण तोंडाला फाजीलपणाची सवय.

म्हणजे आता फी स्वतःच्या खिशातून भरायची, आणि फेरपरीक्षेत पुन्हा घोळ घातला तर कॉलेजला कायमचा रामराम. अठ्ठाविसाव्या वर्षी कापडाच्या दुकानातली पक्की नोकरी सोडून, "मी नर्स होणार" असं गल्लीभर सांगत सुटलेल्या बाईला हे चांगलंच महागात पडणार होतं. दुकानाच्या मालकानं तर म्हटलंच होतं, "येशील परत." त्याचं ते समजूतदार हसू आठवलं की ठमीचा तिळपापड व्हायचा.

तिनं हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम धरलं. सकाळी कॉलेजआधी चादरींच्या घड्या घालायच्या, मग वर्गात जाऊन बसायचं. बसायचं कसलं, पेंगायचं! झोपेचे फायदे शिकवत असताना ती घोरली, आणि तेही पहिल्या बाकावर. शिकवणारे सर म्हणाले, "हिला उठवू नका, प्रात्यक्षिक चाललंय."

आत्याला हे बघवेना. ठमीचे आईवडील गेल्यावर तिनंच पायमशीन चालवून भाचीला वाढवलं होतं, गुडघे त्यातच कामी आले होते. "मी काही हातभार लावू का गं?" तिनं विचारलं.

"तू गुडघे सांभाळ," ठमी खेकसली. "तुझी औषधं निघाली तरी खूप झालं."

आठवड्याभरात आत्या गुडघ्यांच्या व्यायामाच्या वर्गाला जायला लागली. दुपारी जायची आणि संध्याकाळी ताजीतवानी परत यायची. चालणंही सुधारलं. "बघ, माझं ऐकलंस की गुण येतो," ठमी तिला ऐटीत म्हणायची. हे पुढे आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटणार होती.

फेरपरीक्षेला पुतळा नव्हता. कॉलेजनं आता पेशंटचं सोंग घ्यायला पगारी माणसं ठेवली होती. त्यांना खोटं नाव आणि खोटा आजार पढवून पलंगावर निजवत. ठमी ट्रे घेऊन आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. पलंगावर, गळ्यापर्यंत चादर ओढून, आत्या!

व्यायामाचा वर्ग म्हणे! आत्याच्याही तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं. आज भाची येणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, जणू त्यानं ती दिसेनाशी होणार होती.

ठमीनं ट्रे खाली ठेवला. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

आत्यानं डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच ठमी तिला 'तुम्ही' म्हणत होती. ते ऐकून आत्या पढवलेलं सगळं विसरली आणि तिनं स्वतःचं खरं नाव घडाघडा सांगून टाकलं. मग जीभ चावली.

पट्टीवर भलतंच नाव होतं.

"अगं बाई, चुकलं हो, माझं नाव..." आत्या रडकुंडीला आली. परीक्षक बाईंनी हात वर करून तिला गप्प केलं.

ठमीला सगळं माहीत होतं. ही आपलीच आत्या, गोळी साखरेची, पट्टी खोटी. देऊन टाकावी आणि सुटावं, असं तिच्या मनात आलंही. पण तिनं गोळीला हात लावला नाही आणि ती दोन पावलं मागे सरली.

"नाव जुळत नाही. मी औषध देणार नाही. वरिष्ठांना कळवते."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "ओळखता यांना?"

"हो. माझी आत्या आहे."

"मग नाव खरं आहे, हे ठाऊक होतं की तुम्हाला."

"होतं," ठमी म्हणाली. "मागच्या वेळी ओळखीवर विसंबूनच नापास झाले."

बाईंना हसू आवरेना. तरी नियम तो नियम, गोळी देऊन दाखवायलाच हवी. त्यांनी तिला दुसऱ्या पलंगाकडे पाठवलं, तिथल्या अनोळखी आजोबांना सगळं नीट विचारून ठमीनं गोळी दिली आणि पास झाली.

बाहेर बाकावर आत्या डोळे पुसत बसली होती. "मी घात केला गं तुझा."

"पास झाले," ठमी म्हणाली आणि लगेच भडकली. "आणि तू? हे दुखरे गुडघे घेऊन लोकांच्या पलंगावर पडून राहायची काय गरज होती?"

"आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपायचे पैसे मिळताहेत," आत्या उसळली, "तुझ्या का पोटात दुखतं? तुझ्या फीचा पुढचा हप्ता भरूनही आलेय मी. जा, कर काय करायचं ते!"

ठमीला काय करायचं ते सुचेना. ती तिच्या शेजारी बसली आणि भर कॉलेजात भोकाड पसरून रडली.

रात्री गोळीची वेळ झाली. आत्यानं आपणहून तोंड उघडलं.

"आधी पूर्ण नाव सांगा," ठमी म्हणाली.

आत्यानं सांगितलं, ठसक्यात. ठमीनं तिचा हात उचलून बघितला. मनगटावर कॉलेजची पट्टी तशीच होती, भलत्याच बाईच्या नावाची. तिनं शिवणाची कात्री आणली आणि पट्टी हलकेच कापून टाकली. मनगट किती बारीक झालं होतं, हे तिला आज पहिल्यांदाच दिसलं. थोडा वेळ तिनं ते तसंच धरून ठेवलं.

"आत्या," ती म्हणाली, "आ कर."