टोकणीची साद

"बेडकं अजून मुकी हायती, आत्याबाई. आढ्याला पाकोळीबी आली न्हाई. आठ दिस दम धरू या की," सून येर हातातली टोकायची काठी दगडाला टेकवत म्हणाली.

सासू भडकलीच. "मला शिकवतीस? चाळीस वर्सं ह्या दहा घरांची टोकणी माझ्या कानावर झालीया. डोळं गेलं म्हनून कान न्हाई गेलं! कुकू चारदा बोलला. उचल बी!"

हा-ज्यांगच्या त्या दगडी पठारावर वसंत आला की आधी पीच फुलतो, मग मुंग्या अंडी वर काढतात, डबक्यात बेडूक बोलतो, पाकोळ्या येतात. पण शेवटचा शब्द कुकू पक्ष्याचा. तो कड्यावरून बोलला की मका टोकायचा, ही तिथल्या डोंगरी ह्मोंग लोकांची रीत. म्हातारीने हाळी दिली की पुढे कुणी विचारत नसे. येरनेही विचारायचं सोडलं. चुलीवर धुरात टांगलेली कणसांची एकुलती एक जुडी तिने उतरवली. गेल्या साली गारांनी अर्धा मका नेला होता, बी म्हणून एवढंच उरलं होतं. सासूसुना दिवसभर कपारीकपारीतल्या ओंजळभर मातीत तीन-तीन दाणे टाकत फिरल्या. दहाही घरांनी तेच केलं.

कोंब बोटभर वर आले आणि कड्यावरून थंडी उतरली. सकाळी दगड पांढरे झाले होते. येर कपारीत हात घालून बघत गेली, तर प्रत्येक कोंब काळा पडून लिबलिबीत झालेला. तिथेच बसून ती ऊर बडवून रडली.

त्या दिवसापासून म्हातारीने वाडगा पालथा घातला. "माझ्या कानानं गाव बुडालं. माझ्या वाटणीचं तू खा."

"असं करू नगासा, आत्याबाई. घासभर तरी घ्या."

"न्हाई म्हनलं न्हवं!"

तीन दिवस म्हातारीने पाण्यावर काढले. चौथ्या दिवशी सकाळी येर चुलत दिराच्या, वामेंगच्या, गोठ्यामागे शेण आणायला गेली आणि जागेवरच थबकली. कुकू बोलत होता. तोही गोठ्याच्या आत. आत शिरून तिने एका पिंजऱ्यावरचं फडकं ओढलं. पिंजऱ्यात पांढऱ्या भुवईचं पाखरू बसलं होतं, पुरुष झुंजीसाठी पाळतात तसलं. मान वाकडी करून ते हुबेहूब कुकूसारखं ओरडलं.

"भाऊजी! बाहेर या आधी!"

वामेंग डोळे चोळत आला आणि पिंजरा बघून पांढरा पडला. "हळू बोल, वैनी. डुकराचं पिल्लू देऊन आणलंय खालच्या बाजारातनं. बायकोला कळलं तर जित्ता ठेवायची न्हाई."

"टोकणीच्या आदल्या दिशी आणलंत?"

"व्हय. त्या राती जरा जास्तच झाली मला. उठून बघतो तर समदं गाव टोकतंय, म्हनून मीबी टोकलं." मग त्याचं त्यालाच उमगलं. तो मटकन खाली बसला. "आयला! खाली उबीला लवकर बोलतो कुकू. ह्यानं तिथंच उचललं असनार."

"मान मुरगाळू का तुमची?"

"मुरगाळ, वैनी. माझंबी बी गेलंच की. सा दिसांनी बाजार हाय, पाखरू देऊन बी आनतो. पर दहा घरांत वाटलं तर पसाभरच बी यायचं."

येरने पिंजरा उचलून घरी आणला आणि म्हातारीच्या मांडीजवळ ठेवला. "ऐका, आत्याबाई. कान तुमचं खोटं न्हाईत. ह्यो मेला नक्कल करतोय."

पाखरू बोललं. म्हातारीने पिंजऱ्यावरून बोटं फिरवली आणि तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहू लागलं. "कान शाबूत हायती म्हन माझं," ती पुटपुटली. येरने लगबगीने मक्याचा वाफवलेला भरडा वाडग्यात घातला. तळाशी खरवडून जेमतेम दोन घास निघाले. ती वाडगा पुढे करणार तोच साद घुमली. चारदा.

येरने पिंजऱ्यात पाहिलं. पाखरू चोच खाली घालून किडा टिपत होतं. साद कड्यावरून, खऱ्या कुकूची आली होती. डबक्यात बेडकंही बोलायला लागली होती. ज्या टोकणीच्या दिवसाची वर्षभर वाट बघायची, तो आज आला होता आणि घरात टोकायला एक दाणा नव्हता. हे कळलं तर म्हातारी पुन्हा वाडगा पालथा घालणार.

म्हातारीची मान दाराकडे वळली होती. "येर," ती दबकत म्हणाली, "ह्यो कोन बोलला गं?"

येरने वाडगा तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्याभोवती घट्ट मिटली.

"पिंजऱ्यातलाच की, आत्याबाई. जेवा तुमी."