निंगव्वाचं जातं

सोलापुरात सिद्धरामेश्वराच्या जत्रेत नंदीध्वजाची एक काठी पेलायचा मान माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांची फेरी होते. दिवसभर ती उंच काठी तोलून खांदे दगडासारखे होतात आणि दुसऱ्या दिवशी देवाच्या लग्नाच्या अक्षतांना पुन्हा तीच पेलायची असते.

माझी बायको निंगव्वा त्या संध्याकाळी मला आडवं होऊ द्यायची नाही. दार लोटायची आणि जात्यावर समोर बसवायची. मूठभर ज्वारी घालून सावकाश ओढायला लावायची. "जोर लावू नका, पण थांबूबी नका," म्हणायची. पीठ एरवी गिरणीतूनच यायचं. जातं ठेवलं होतं ते माझ्या खांद्यांसाठी.

दिवाळीत ती गेली. त्यानंतरची, चौऱ्याहत्तर सालची जत्रा. फेरी करून आलो, जेवलो आणि तसाच पडलो. सकाळी बाराबंदी घालताना हात खांद्याच्या वर जाईना. जत्रेला आलेल्या बहिणीनं, दानम्मानं, तेल चोळलं, विटेनं शेकलं. फरक पडला नाही.

"अण्णा, यंदा काठी दुसऱ्याला दे. देव काय रागवत न्हाई."

"ज्वारी आण. जात्यावर बसतो."

"अय्यो! पुरुष माणूस जात्यावर? कुणी बघितलं तर?"

"मग दार लोट."

जात्यावर निंगव्वाची सुपली तशीच होती. ती उचलून बाजूला ठेवायला मला वेळ लागला.

पहिले फेरे जड गेले. मग खांद्यात ऊब चढली. तेवढ्यात बिरप्पा मला न्यायला आला. शेजारची काठी तो पेलायचा. दार ढकलून बघतच राहिला.

"काय गुरप्पा, कुणाच्या घरी नांदायला चाललास?"

दानम्मा तोंडाला पदर लावून हसली. मी ओढतच राहिलो. बिरप्पानं हात वर करून बघितला, कण्हला आणि समोर येऊन बसला.

"सरक. ओव्या तू म्हणणार का मी?"

"खुंटा धर अन् गप ओढ. जोर लावू नको."

दुपारी अक्षता पडल्या तेव्हा काठी माझ्याकडेच होती. डावा खांदा थोडा धरलेला होता, पण हात वर गेला.

संध्याकाळी दानम्मानं त्या पिठाच्या भाकरी केल्या. पीठ जाडं पडलं होतं, भाकरी कडेनं चिरल्या. खाऊन मी पुन्हा जात्यावर बसलो. तिसरा दिवस बाकी होता. दानम्मा दार लोटायला उठली. मी म्हटलं, "राहू दे उघडं. बिरप्पा यायचाय."