रूपालीचा ‘हजर’

तिसरीच्या नव्या शिक्षिका लताबाई हजेरी घेताना मान वर करत नसत. नाव घ्यायचं, ‘हजर’ ऐकायचं, खूण करायची, पुढे जायचं.

रूपालीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. गणित पक्कं, पण हातपाय ताठ आणि शब्द तोंडात यायला वेळ लागे. तिचा ‘हजर’ बाहेर पडेपर्यंत हजेरी पुढे गेलेली असे. १९९८चा जुलै तिने वर्गात बसून गैरहजेरीत काढला. महिनाअखेर बाईंनी तिच्या वडिलांना, बहिरूंना बोलावलं.

“अहो बाई, मीच सोडतो ना तिला रोज सायकलवर!”

“मग उत्तर का देत नाही? उद्यापासून हजेरीला बोलली तर ठेवते. नाहीतर नाव काढावं लागेल.”

दुपारी मखमलाबादच्या मळ्यात बहिरू मोगरा तोडत होते. मोगऱ्याच्या बंद कळ्याच तोडतात. संध्याकाळी पंचवटीत, गजऱ्यात उमलतात. रूपाली बांधावर बसून बघत होती.

“आप्पा, मी पण... आधीच... तोडते.”

“काय तोडते?”

“हजर.”

बहिरूंना समजायला जरा वेळ लागला. मग ते हसत सुटले. “लय डोकं हाय गं तुला!”

हजेरीत तिच्या आधी मंगला, मंगलाच्या आधी पूजा. पूजाचं नाव आलं की सुरुवात करायची. आप्पा कळ्या तोडता तोडता नावं पुकारू लागले. टोपली भरली तेव्हा शब्द बरोबर जागेवर पडत होता.

सकाळी वर्गात तिने शेजारच्या पूजाला सगळं सांगितलं. हजेरी सुरू झाली.

“पूजा.”

“हजर, बाई.”

रूपालीने सुरुवात केली.

“मंगला.”

मंगला आलीच नव्हती. रूपालीच्या ते आत्ता लक्षात आलं, पण निघालेला शब्द तिला मागे घेता येत नसे. शांत वर्गात तो दणक्यात आला.

“हजर!”

बाईंनी खूण केली. वर्ग खो खो हसला.

“बाई, मंगला सटाण्याला गेलीय, मामाकडे बारशाला!”

बाईंनी मान वर केली. “मग बोललं कोण?”

“रूपाली,” पूजा म्हणाली. “तिला वेळ लागतो ना बाई, म्हणून आधीच निघाली होती. आज लवकर पोचली!”

बाई रूपालीकडे बघत राहिल्या.

“रूपाली,” त्या म्हणाल्या, आणि पेन उचलून थांबल्या.

रूपालीला हसू आवरेना. हसताना तिचं अंग आणखी ताठ होई, शब्द आणखी लांब जाई.

“ए, हसू नको, बोल ना आधी!” मागून कुणीतरी ओरडलं. आता बाईही हसू लागल्या, पण पेन तसंच धरून होत्या.

“ह...जर.”

खूण झाली. मंगलाची खोडायची मात्र राहून गेली. बारशाचं जेवून आलेल्या मंगलाला तो दिवस फुकटात मिळाला.